एक बसायची जागा, एक उभं राहायची

निशीचं ते दगडी प्रकरण एकदाचं हललं की मागच्या अंगणात दोन गाड्या आरामात बसतील, हे सुचितानं नवऱ्याला, दिपेशला, सकाळच्या चहाबरोबरच ऐकवलं. तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू वर्षभर पार्किंगसाठी भुणभुण करत होता. दिपेशनं मान डोलावली. त्याची मान तशी कशालाही लगेच डोलते, आणि जागा मोकळी होणार असेल तर विचारायलाच नको.

"ती आर्ट गॅलरीवाली बाई सही मागेल. जागा तुमच्या नावावर आहे ना," सुचिता म्हणाली.

"देऊ की. आपल्याला काय अडचण आहे? बिनकामाचा तो दगडांचा ढीग घ्यायला लोक येतात, हेच मला कळत नाही. आणि त्याला म्हणे आर्ट बोलतात."

स्वयंपाकघरात दिपेशच्या आईनं, भागीरथीनं, कढईवर झाकण ठेवलं. दिवाळे गावच्या पुतळा नावाच्या कोळणीला दोन दिवस आधी सांगून तिनं जिताडा मागवून घेतला होता. आगऱ्यांच्या घरात जिताडा म्हणजे जावयाचा मान. निशीच्या आयुष्यातून जावई कधीच वजा झाला होता, पण म्हातारीनं तो मान तसाच लेकीच्या नावावर चालू ठेवला होता.

दिपेश खुर्चीतून उठला. दोन्ही गुडघे गेल्या वर्षी बदलले, तेव्हापासून उठणं म्हणजे एक समारंभ असतो. आधी हात टेकायचे, मग 'आई गं' म्हणायचं, मग उठायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, चाला, फिरा, जिने चढा, पण खाली बसायचं नाव काढू नका. घरातले पाट तेव्हाच माळ्यावर गेले.

खिडकीतून त्याला ते दिसलं. जांभ्या दगडाच्या चार भिंती, पुरुष-दीड पुरुष उंच, वर छप्पर नाही, दाराला फळी नाही. उंबरठा मात्र होता, काळ्या दगडाचा, घोटीव. भाडेकरूंची पोरं त्याला 'आत्याचं घर' म्हणायची आणि लपाछपीत तिथं लपायची नाहीत, कारण दार नसलेल्या घरात लपणार कुठं?

ते उभं कसं राहिलं, हे दिपेशला आठवायचं नव्हतं, पण आज ते आपोआप समोर येत होतं. वडील, गोटीराम, गेले त्याच वर्षी साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर, म्हणजे शेतं गेली त्यांच्या बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर, या चार मजल्यांचा शेवटचा स्लॅब पडला. आणि त्याच वर्षी निशी पुण्याहून लग्न मोडून परत आली, दोन बॅगा आणि एक ड्रॉइंग बोर्ड घेऊन.

"दादा, वरची एक खोली दे. भाडं देईन," ती म्हणाली होती.

"भाडेकरूंना शब्द दिलाय गं. आणि तुझ्या वहिनीला पण... तू समज ना."

कुठल्याही भाडेकरूला त्यानं शब्द दिला नव्हता. निशी समजली, आणि नेरूळला भाड्यानं राहायला गेली. पुढच्या महिन्यात सगळ्या बहिणी करतात तसं तिनंही हक्कसोडपत्रावर सही केली. भाऊ साडीचोळी घेऊन तयारच होता. पैठणी, मोरपंखी, काठ चांगला रुंद.

"साडी राहू दे," ती हसत म्हणाली होती. "मागचा कोपरा दे. एक घर बांधते."

त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला तेव्हा ती आणखीनच हसली. "राहता येणार नाही असं बांधते रे. म्हणजे तुला टेन्शन नको."

तोही हसला होता. सुटलो, असं त्याला वाटलं होतं. बांधकाम चालू असताना एकदा तिनं त्याला जमिनीवर मांडी घालून बसवलं, आणि टेपनं जमिनीपासून कपाळापर्यंतचं माप घेतलं. "पँट शिवतेस की काय माझी?" तो म्हणाला. तेव्हा गुडघे त्याचे स्वतःचे होते.

*

साडेबाराच्या सुमारास निशी आली. तिच्याबरोबर गॅलरीची नमिता, आणि मागून टेम्पोत मिस्त्री लोक. निशीच्या केसांत आता बरंच पांढरं आलं होतं आणि ते तिला शोभत होतं. तिनं आईला वाकून नमस्कार केला, वहिनीच्या हातात मिठाईचा पुडा दिला आणि दिपेशला विचारलं, "गुडघे काय म्हणतात दादा?"

"गुडघे बोलत नाहीत, मीच बोलतो. दिवसभर."

ती हसली, पण डोळ्यांपर्यंत ते हसू पोचलं नाही, हे त्याला जाणवलं. नमिता तिशीतली, चटपटीत, बोलायला गोड. तिला आधी ते बघायचंच होतं. म्हणून सगळा लवाजमा मागच्या अंगणात गेला, भागीरथीसकट.

"दिपेश सर, तुम्हाला नवल वाटत असेल ना, हे विकत घेतं कोण," नमिता म्हणाली. "ह्याला फॉली म्हणतात. पूर्वी साहेब लोकांच्या बागांमध्ये असायच्या. मुद्दाम बांधलेला पडका मनोरा, देवच नसलेलं देऊळ, कुठंच न जाणारा पूल. काही कामाच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. आता नावाजलेल्या आर्किटेक्टनी बांधलेल्या फॉली लोक चित्रासारख्या विकत घेतात, संग्रहात ठेवतात."

"संग्रहात? कपाटात मावेल काय?"

"बागेत, सर. ही कर्जतला एका जोडप्याच्या बागेत जाणार. दगडांना नंबर टाकून उतरवायची, तिथं तशीच उभी करायची. तुमच्या निशिगंधाच्या सगळ्या फॉली मी विकल्यात. पण ही तिची पहिली. हिच्यासाठी लोक मागे लागलेत, आणि ती वर्षानुवर्षं नाही म्हणत होती. या दिवाळीनंतर अचानक तिचाच फोन आला."

दिपेशनं बहिणीकडं पाहिलं. ती मिस्त्रींना खडूनं नंबर कुठं टाकायचे ते दाखवत होती.

"मला ही सगळ्यात जास्त का आवडते सांगू?" नमिता रंगात आली होती. विकणाऱ्या माणसाला ऐकणारा मिळाला की तो थांबत नाही. "ही दोनच माणसांची आहे. आत एक बसायची जागा आहे आणि एक उभं राहायची. बसलेला माणूस घराकडं बघतो. उभ्या माणसाची घराकडं पाठ. बसायचा दगड इतका खाली, की वाटतं एखादा पाटच मांडलाय. आणि उभ्या माणसाच्या हाताशी बरोब्बर हा कोनाडा. मी विचारून विचारून थकले, पण हे कशासाठी ते ही सांगत नाही. घेणाऱ्यांना तर ते गूढच आवडलंय."

"आणि हे काळं कसलं?" सुचितानं कोनाड्याकडं बोट दाखवलं.

"ती काजळी! तिला हात लावायचा नाही, अशी घेणाऱ्यांची खास अट आहे. त्यांच्या मते तो डिझाइनचाच भाग."

"डिजाइन कसली," उंबरठ्याबाहेर उभी असलेली भागीरथी म्हणाली. "निरांजनाची काजली हाय ती. भाऊबीजेची."

निशी वळली. "आई."

"काय आई? उगवतीकडं तोंड करून कोन बसतो? त्याच्यासमोर निरांजन घेऊन उभी कोन ऱ्हाते? येवढं कलायला काय आर्किटेक्ट व्हावं लागतं?"

नमितानं पुन्हा एकदा कोनाड्याकडं पाहिलं. मिस्त्रीचा खडू दगडावर करकरत होता.

दिपेशला सगळ्या भाऊबीजा एकदम आठवल्या. खरं तर एकच आठवली, कारण दर वर्षी तेच व्हायचं. निशी यायची, तबक घेऊन सरळ मागं जायची आणि खालून हाक मारायची, "दादा, पाच मिनिटं मागं ये ना!" आणि तो वरूनच ओरडायचा, "डास आहेत गं तिथं! तूच वर ये, एसी लावलाय." थोड्या वेळानं ती वर यायची. त्याला सोफ्यावर बसवून ओवाळायची. निरांजनातली वात अर्धी जळलेली असायची, तूप तळाला गेलेलं. एकदा तर तो थट्टेनं म्हणालाही होता, "आर्किटेक्ट बाई, तुपात पण कंजुषी?" पाहुणे हसले होते. तीही हसली होती.

त्याला वाटायचं तिला आपली कलाकारी दाखवायची असते. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जातो. तिच्या उंबरठ्याच्या आत बसतो, ती ओवाळते, मग तो ताटात काहीतरी घालतो. एवढी साधी रीत. ज्या बहिणीला घर उरलं नव्हतं, तिनं भावाला बोलवायला म्हणून घर बांधलं होतं, ते पण त्याच्याच अंगणात, म्हणजे त्याला लांब जायला नको. आणि तो जिन्यावरून खाली उतरला नव्हता. एकदाही नाही.

*

जेवायला बसल्यावर जिताड्याच्या कालवणाचं फक्त नमितानं कौतुक केलं. दिपेशनं एक तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

"नाही विकायचं," तो म्हणाला.

सुचितानं वर पाहिलं. नमितानं निशीकडं पाहिलं. निशी काटा काढत होती, ती काढतच राहिली.

"सही करणार नाही मी. जागा माझी आहे."

"तुझीच आहे दादा," निशी शांतपणे म्हणाली. "माझी सही आहे ना त्यावर."

दिपेशनं पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ पीत राहिला.

"दुसरा मजला खाली करून घेतो," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात. तू ये राहायला. भाडंबिडं काही नको."

बैल गेला आणि झोपा केला, असं गोटीराम म्हणाले असते. भिंतीवरच्या फोटोत ते नुसते बघत होते.

अनपेक्षित बोलली ती सुचिता. "मला पण वाटतं, नको विकू, निशीताई."

"अगं, सकाळपासून पार्किंग पार्किंग कोण करत होतं?" दिपेश तिच्यावर उखडला.

"तुम्ही विकायला हो म्हणणारच होता. मग मी एकटीनं नाही म्हणून कशाला वाईट होऊ?" तिचा आवाज जरा चढला आणि लगेच उतरला. "दुपारी सगळे झोपले की मी जाऊन बसते तिथं. माझी आई गेली ना, तेव्हा तिथंच बसून रडले. ह्या चार मजल्यांत मला रडायला दुसरी जागाच सापडली नाही. बेल वाजते, कुकर होतो, कुणीतरी हाक मारतं. तिथं कुणी हाक मारत नाही." मग तिनं पदराचा शेव बोटाला गुंडाळला. "आणि त्या वेळी खोली देऊ नका असं मीच म्हटलं होतं. तुला माहीत असावं."

"माहितीये वहिनी. दादानं तेव्हाच सांगितलं होतं. सगळं तुझ्यावर ढकलून."

सुचितानं नवऱ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं संसार झाल्यावर बायकोचं असं बघणं सोसायला कातडं जाड लागतं, आणि दिपेशचं जाडच होतं, पण आज त्याला ते सोसलं नाही. नमितानं फोन आल्याचं निमित्त केलं आणि बाल्कनीत निघून गेली.

"आई, तू सांग तिला," दिपेश म्हणाला. "तुझं ऐकेल."

आई आपल्या बाजूची, याची त्याला खात्री होती. रोज सकाळी त्या उंबरठ्यावर पाणी शिंपडणारी, तिथं कुणी चप्पल ठेवली तर शिव्या घालणारी तीच होती.

भागीरथीनं हात धुतला, लुगड्याला पुसला.

"नेऊ दे तिना," ती म्हणाली.

"आई!"

"माजे बापाचे घरान मना पन कोपरा नव्हता. भाऊ चांगला होता, पन कोपरा नव्हता. हिनं निदान मागून घेतला, बांधला, वाट पाह्यली. पुस्कल झाली वाट. आता तिना खरं घर मिलतंय, तर आडवा नको येऊ दिपेश. आडवं यायचं तवा तू उभा नव्हतास."

"खरं घर?"

निशीनं ताट बाजूला सारलं. "उलव्याला. एक खोली, एक किचन. हे विकून जेवढं येतंय त्यात बयाणा जातो, बाकीचं कर्ज. दिवाळीत बघून आले, सहावा मजला. बाल्कनीतून विमानं दिसतात. आपली शेतं तिथंच होती ना कुठंतरी, त्या धावपट्टीखाली. आता घराचा हप्ता भरता भरता म्हातारी होईन, पण दार आहे त्याला. आतून लावता येतं."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगणार होते. या भाऊबीजेला मागं थांबले होते त्यासाठीच. तू वरून म्हणालास, मॅच संपू दे. मग मी वर आलेच नाही. तुझ्या लक्षात आलं का रे?"

त्याच्या लक्षात आलं नव्हतं. ओवाळणीचं पाकीट दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये तसंच सापडलं, तेव्हा त्याला वाटलं होतं, निशी विसरली.

*

सही त्यानं केली. नमितानं पुढं केलेल्या कागदावर जिथं बोट ठेवलं तिथं केली, न वाचता. सही नेहमीसारखीच लफ्फेदार आली, आणि त्याचाच त्याला राग आला.

मग तो मागच्या अंगणात गेला. मिस्त्रींनी सगळ्या दगडांवर खडूनं आकडे टाकले होते. वरचा थर आज उतरवायचा होता. "जरा थांबा," तो त्यांना म्हणाला, चपला काढल्या आणि उंबरठा ओलांडून आत गेला.

आत थंड होतं. जांभा तसाही थंड असतो. बसायचा दगड समोर होता, आणि सुचिता म्हणते तशी खरंच हाक ऐकू येत नव्हती. त्यानं भिंतीला हात लावला आणि खाली बसायचा प्रयत्न केला. अर्ध्यातच गुडघे अडले. त्यानं दुसरा हात टेकला, एक पाय पुढं सरकवून पाहिला, बाजूनं बसता येतं का पाहिलं. ते धातूचे गुडघे ठाम होते. घामानं निथळत तो परत सरळ झाला. टेपनं माप घेऊन खास त्याच्यासाठी बनवलेली जागा होती ती, आणि तिथं बसू शकेल असा तो आता राहिला नव्हता.

म्हणून तो उभ्याच्या जागी उभा राहिला. घराकडं पाठ करून. कोनाडा त्याच्या हाताशी आला, काजळीनं बोट काळं झालं. समोर रिकामा दगड होता. ती दर वर्षी इथं उभी राहून हाच रिकामा दगड बघत होती, आणि मागं वरच्या मजल्यावरून त्याचा आवाज ऐकत होती. दिपेशला रडू आलं. लाज वाटून तोंड लपवावं तर दाराला फळी नव्हती.

"दादा," बाहेरून निशी म्हणाली. "बाहेर ये. त्यांना काम सुरू करायचंय."

तो वळला. ती उंबरठ्याच्या पलीकडं उभी होती, आत आली नव्हती.

"बसता येत नाही गं मला," तो म्हणाला.

"माहितीये."

"उलव्याला लिफ्ट आहे?"

"आहे."

"एक खुर्ची ठेव. साधी चालेल. प्लास्टिकची." त्यानं डोळे पुसले, तशी बोटाची काजळी गालाला लागली. "येऊ ना मी? भाऊबीजेला?"

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"इतकी वर्षं मी दिवा लावायचे आणि तुला हाक मारायचे," ती म्हणाली. "आता हाक मारणार नाही, दादा. तू ये. दाराशी आलास, की मग लावीन."

तो उंबरठा ओलांडून बाहेर आला. चपला शोधायला खाली बघावं लागलं, आणि खाली वाकता येत नव्हतं. निशीनं त्या पायानं त्याच्यासमोर सरकवल्या. मिस्त्रीनं शिडी लावली, वरचा पहिला दगड हलवून सैल केला आणि खालच्या माणसाला म्हणाला, "सांभाळून घे रे, कोपरा फुटेल."